पडदा मस्त आला

माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, बाबांचं आहे, आडनाव आहे. हबीबभाईंचं नाव त्यावर नाही. ते कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून हे प्रकरण. मूल गावच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी मूलला आलो तेव्हा राहायला जागा नव्हती. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे खोली कशी शोधतात हेही कोणाला ठाऊक नव्हतं. ओळखपत्राच्या फोटोसाठी मी त्यांच्या दुकानात शिरलो आणि स्टुलावर बसलो. कॅमेऱ्याआडून हबीबभाई म्हणाले, "काऊन रे पोट्ट्या, मयतीत बसल्यावानी काऊन बसला? हा फोटो तुले तीन वर्षं चालवाचा हाय." मी कारण सांगितलं. त्यांनी आधी फोटो काढला. मग मागच्या खोलीतल्या जुन्या पडद्यांच्या वळकट्या सारून तिथे माझी पेटी ठेवायला सांगितली. पदवी मिळेपर्यंत आणि नंतरही काही काळ मी त्याच खोलीत राहिलो. डोंगर, हंसांची जोडी, विमान असे रंगवलेले पडदे उशाशी असायचे. पूर्वी तिथेच फोटो धुवत, त्या फिक्सरचा आंबूस वास डोळे मिटले की यायचा.

जेवायला दुकानामागच्या त्यांच्या घरी. सुग्राभाभी लोकांचे कपडे शिवायच्या. घरात पाय ठेवण्याआधी त्यांच्या मशीनचा आवाज यायचा आणि मशीन थांबलं की समजायचं, भात उतरला. लाखोळीची डाळ, सुकटीची चटणी, आंबाडीची भाजी, शुक्रवारी मटणाचा रस्सा. पहिल्या सुटीत घरी गेलो तेव्हा आईनं हळूच विचारलं, "तिथी समदं खाते काय रे तू?" मी हो म्हणालो. तिनं जाताना भाभींसाठी वाळल्या वांग्याच्या फोडी बांधून दिल्या. त्या दोघी आयुष्यात एकदाच भेटल्या, पण फोडी दर वर्षी जात राहिल्या. भाभी घरात हिंदी बोलायच्या, माझ्याशी अर्धी मराठी. लहानपणी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेल्या होत्या आणि पिठाच्या पुडीवरचा कागदही वाचून मग फेकायच्या. त्यांना मूल नव्हतं. ही गोष्ट त्या घरात कोणी बोललं नाही, म्हणून मीही इथे एवढंच लिहितो.

हबीबभाईंचं दुकान लग्नांवर आणि नाटकांवर चालायचं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि नाटकं सुरू होतात. नाटक मंडळ्यांना पत्रकांवर छापायला नटांचे फोटो लागत. राजे, खलनायक, फाटक्या लुगड्यातली नायिका असे सगळे आमच्या स्टुलावर येऊन बसायचे. हबीबभाईंचा जुना कॅमेरा हातानं भिंग फिरवून नेम, म्हणजे फोकस, धरायचा होता. फिरवताना ते जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरायचे. "डोळ्यातली चमक आली की थांबाचं," ते मला शिकवायचे. "नाक, कान कायबी हो, गिऱ्हाईक आपल्या फोटोत आपले डोळेच पाह्यते."

मी बी. ए. झालो त्या दिवशी त्यांनी दुकानातला काळा गाऊन स्वतः इस्त्री केला. तो गाऊन कोणाच्याही पदवीच्या फोटोला भाड्यानं द्यायचा होता, पण त्या दिवशी जणू तो माझ्यासाठीच शिवला होता. हातात गुंडाळी केलेला कोरा कागद दिला. बरेच फोटो काढले. धुऊन आले तेव्हा सगळे किंचित हललेले वाटत होते, पण हललेले नव्हते, नेम चुकला होता. माझ्या खांद्यावरची गाऊनची चुणी अगदी स्वच्छ, आणि माझे डोळे धुक्यात. हबीबभाईंनी फोटो हातात धरला, मान थोडी तिरपी केली, पुन्हा दुसरीकडे तिरपी केली. म्हणाले, "मस्त आला." तो फोटो आजही आमच्या घरात भिंतीवर आहे. आई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायची.

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांच्यासोबत गेलो. डॉक्टरांनी कागदावर गोल काढला आणि मधला भाग पेन्सिलनं काळा केला. डोळ्याचा मधला पडदा झिजत होता, कडेचं दिसत राहणार होतं. माणूस चालेल, जेवेल, रस्ता ओलांडेल. ज्याच्याकडे सरळ पाहील, तेच नेमकं दिसणार नाही. इलाज नव्हता. किती काळ, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. परतीच्या बसमध्ये हबीबभाई खिडकीबाहेर पाहत बसले होते. नागभीडच्या अलीकडे म्हणाले, "मुरली, तुह्या तोंडाकडे पाह्यलं तं तुहा कान दिसते. कानाकडे पाह्यलं तं तोंड दिसते. थोडं थोडं दिसते म्हणजे." आणि मग, नागभीड गेल्यावर, "आपोआप नेम धरनारे कॅमेरे निंगाले म्हने."

असा तो नव्या कॅमेऱ्याचा विचार सुरू झाला आणि सगळा पावसाळा आमच्या दस्तरखानावर तोच विषय राहिला. कॅमेरा जपानी, महागडा. भाभींची शिलाई आणि दुकानाची कमाई एकत्र केली तरी धाप लागावी असा. लोक म्हणत थांबा, दर वर्षी भाव उतरतात, पुढच्या वर्षी याच पैशात याहून चांगला येईल. इतर कोणासाठी हा सल्ला योग्य होता. पण हबीबभाईंपुढे प्रश्न असा होता की कॅमेरा स्वस्त व्हायची वाट पाहायची तर तोवर डोळे थांबतील काय. हे त्यांनी भाभी आणि मी सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. बाजारात ते म्हणत, "हौस हाय, दुसरं काय." कोणी टोमणा मारी, "बुढाप्यात हौस आली का हबीबभाई?" तर ते हसत, "जवानीत पैसेच नोयते ना बाप्पा."

कधी घ्यायचा, याला मुहूर्त सापडेना. निकाल लागला तेव्हा मोहरम होता. मोहरमात भाभी नवी सुईसुद्धा घेत नसत. तो संपला तर तेरातेजी, सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, त्यातही नवी चीज नको. मग आखाड. मग धानाच्या रोवण्या, तेव्हा सगळा मुलूख चिखलात, दुकानात माशी नाही. मग पितृपक्ष. भाभी म्हणाल्या, "अब ये पितर तो तुम्हारे नहीं ना? ले लो." हबीबभाई गंभीरपणे म्हणाले, "माहे नाई, पन गिऱ्हाईक तं मानते. पितरात घेतलेल्या कॅमेऱ्यानं लग्न काढलं म्हनून समजलं तं कोन बसंल माह्यासमोर?" भाभी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दोनों धरम के बुरे दिन अकेले तुम ही पाल लो." आम्ही तिघं हसलो. त्या सबंध वर्षात आम्ही मोकळं हसलेलं मला तेवढंच आठवतं.

कुठून घ्यायचा, हाही घोळ होता. चंद्रपूरला आमचे रोल धुऊन यायचे. तिथला लॅबवाला सिरोंचाकडचा, तेलुगू घरचा. तो म्हणे हैदराबादहून आणा, नागपूरपेक्षा पुष्कळ कमी पडेल, माझा भाचा आहे. भाभींचे भाऊ पुढच्या उन्हाळ्यात हजला जाणार होते. तिकडे इलेक्ट्रॉनिकच्या वस्तू फार स्वस्त मिळतात, भाई येताना आणील, असं भाभींचं म्हणणं. हबीबभाईंनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "तो अल्लाच्या घरी चालला. जाताना त्याच्या डोक्यावर माहं दुकान कायले ठेवू? अन् उन्हाळा कुठी पडला." शेवटचं वाक्य ते ताटाकडे पाहून हळू बोलले. भाभींनी भाताचा डाव पातेल्यात तसाच ठेवला आणि पुन्हा भावाचं नाव काढलं नाही.

ठरवलं ते नामदेवभाऊंनी, तेही नकळत. नामदेवभाऊ मूलजवळच्या खेड्यातले धान पिकवणारे, हबीबभाईंचे तरुणपणापासूनचे दोस्त. दर वर्षी नव्या तांदळाचं पहिलं पोतं त्यांच्या बैलबंडीतून भाभींच्या दारात उतरायचं. त्यांच्या कुंदाचा बारशापासूनचा प्रत्येक फोटो हबीबभाईंनी काढला होता. दिवाळीच्या सुमारास ते दुकानात आले, टोपी काढून स्टुलावर बसले. "कुंदाचं जमलं. माघात धरलं. फोटो तूच काढशीन, दुसऱ्याले नाई सांगत मी." हबीबभाई म्हणाले, "हाव. नव्या कॅमेऱ्यानं काढतो. पयलं लग्न कुंदाचंच." त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला निघालो. हातात घेऊन पाहता येईल, बिघडला तर परत आणता येईल, म्हणून नागपूर. खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. आपल्याला त्यातून दिसतं की नाही, हे त्यांना घेण्याआधी समजून घ्यायचं होतं, आणि ते दुसऱ्याच्या हातून समजत नाही.

सीताबर्डीतलं ते दुकान, काचेचं कपाट, थंडगार हवा. दुकानातल्या मुलानं कॅमेरा काढून दिला. हबीबभाईंनी डोळ्याला लावला. बटण अर्धं दाबलं आणि कॅमेऱ्यातून बारीक आवाज आला, टीं टीं. ते दचकले. "हे काय?" मुलगा म्हणाला, "फोकस झाला की तो सांगतो, काका." त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. टीं टीं. कपाटाकडे, दाराकडे, रस्त्यावरच्या संत्र्यांच्या गाडीकडे. टीं टीं. लहान पोरासारखं किती वेळ केलं. मुलगा म्हणाला, "आवाज नको असेल तर बंद करता येतो." हबीबभाई घाईनं म्हणाले, "नको नको. बोलू दे त्याले." बसमध्ये तो खोका त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. मूल जवळ आलं तेव्हा म्हणाले, "मुरली, डोळे गेले तं गेले. कान तं हायेत."

मी इंग्रजी माहितीपुस्तक त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, जमेल तसं मराठी करत. कॅमेरा चौकटीच्या मधोमध जे असेल त्यावर नेम धरतो, हे त्यात लिहिलं होतं आणि मी ते नीट सांगितलं होतं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. फोटोत माणूस मधेच असतो. नाटकाच्या हंगामात त्यांनी त्याच कॅमेऱ्यानं एकेकट्या नटांचे फोटो काढले आणि ते असे आले की पापणीचा केस मोजावा. हबीबभाई पुन्हा शीळ घालायला लागले होते. भाभी मशीन चालवता चालवता ऐकत आणि शिलाई थांबवत नसत.

कुंदाचं लग्न भरदुपारी लागलं. मंडपाला शोभा म्हणून गावच्या नाटक मंडळाचा राजमहालाचा पडदा मंचाच्या मागच्या टोकाला लावला होता. खांब, झुंबरं, जांभळी फुलं. विधी झाले, जेवणाच्या पंगती बसल्या, आणि नवरा-नवरीला जोडीच्या फोटोसाठी मंचाच्या पुढच्या कडेला उभं केलं. आमच्याकडची तेव्हाची नवी जोडी कशी उभी राही, हे आताच्या मुलांना सांगून पटत नाही. एकमेकांना खांदा लागू नये इतक्या अंतरानं. बायका ओरडत, "सरक ना वं जवळ." कुंदा आणखी अंग चोरी. दोघांच्या मधे हातभर जागा, आणि त्या जागेतून मागे राजमहाल. हबीबभाईंनी दोघांना चौकटीत बरोबर मधे घेतलं. कडा त्यांना दिसत होत्या: इकडे नवरदेवाची बाही, तिकडे कुंदाचा पदर. मधलं दिसत नव्हतं. बटण दाबलं. टीं टीं. खटॅक. टीं टीं. खटॅक. मी फ्लॅशची छत्री धरून बाजूला उभा होतो. मला तो आवाज त्या दिवशी शहनाईपेक्षा गोड वाटला.

चंद्रपूरहून फोटो मी आणले. बसमध्ये पाकीट उघडलं. हळदीचे चांगले, पंगतींचे चांगले, एकट्या कुंदाचे फारच चांगले. जोडीचे सगळे गेलेले. प्रत्येकात मागच्या महालाची झुंबरं, फुलाची पाकळीन् पाकळी, पडद्याला पडलेली ठिगळंसुद्धा स्वच्छ. आणि पुढे दोन धुकट माणसं, ज्यांना डोळे नव्हते. कॅमेऱ्यानं दोघांच्या मधल्या फटीतून पडद्यावर नेम धरला होता आणि दर वेळी इमानानं सांगितलं होतं, झालं म्हणून. मी पाकीट भाभींना दिलं. त्यांनी एकेक पाहिला, पुन्हा एकावर एक ठेवले. "मत बोल," एवढंच म्हणाल्या. हबीबभाईंनी विचारलं, "कसे आले?" मी म्हणालो, "चांगले आले." ते फोटो हातात घेऊन मान तिरपी करत राहिले. त्यांना कडेचा मंडप दिसत असणार, झालर दिसत असणार. समाधानानं त्यांनी ते अल्बमात लावायला दिले.

दोन-तीन दिवसांनी नामदेवभाऊ आले. भाभींनी चहा केला. अल्बम उघडून ते मांडीवर घेऊन बसले. पानं उलटत होते, मधे मधे हसत होते, "हा पाह्य कसा वाढून राह्यला." मग जोडीची पानं आली. बराच वेळ पान उलटलं नाही. नामदेवभाऊ कोणाचं मन न दुखवणारे. काहीतरी चांगलं बोललंच पाहिजे, म्हणून शेवटी अगदी मनापासून म्हणाले, "पडदा मस्त आला हबीब. आमच्या मंडळाचा पडदा एवढा मस्त हाय, मले मालूमच नोयतं."

हबीबभाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. कोणत्याही फोटोवाल्याला त्याच्या दोस्तानं लेकीच्या लग्नाच्या फोटोत पडद्याची तारीफ केली, तर त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी बशी खाली ठेवली, पण अंदाज चुकून जमिनीच्या थोडी वरच सोडली, त्यामुळे ती आपटली. "अन् कुंदा?" त्यांनी विचारलं. नामदेवभाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पाहिलं. "कुंदाबी हाय ना," नामदेवभाऊ म्हणाले, "हाय ना तिथीच." मशीन थांबलेलं होतं. भात उतरला नव्हता.

हबीबभाई रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नामदेवभाऊंनीही कधी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी तांदळाचं पोतं नेहमीसारखंच आलं, आणि तेच हबीबभाईंना सगळ्यात सहन झालं नाही. पोतं दारात उतरलं की ते घरात जाऊन बसत. कॅमेरा त्यांनी थर्माकोलमध्ये नीट घालून खोक्यात ठेवला. नाटकवाले आले की म्हणत, "मुरलीले सांगा." काही दिवसांनी दुकानाचं अर्धं शटरच उघडू लागले. आता हातातला फोन माणसाचा चेहरा स्वतः शोधतो, त्याभोवती चौकोन काढतो, दोघं असोत की दहा. माझा नातू असा फोटो काढतो तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं. थोडी वर्षं थांबलो असतो तर, हा विचार हजारदा येतो आणि दर वेळी त्याच भिंतीवर आपटतो. थांबायला डोळे तयार नव्हते. घाई केली म्हणावं तर घाई केली नव्हती. उशीर केला म्हणावं तर उशीर केला नव्हता. कोणाचीच चूक नसताना माणूस असा बुडतो, हे मी त्या घरात पाहिलं, आणि त्यातून काय शिकायचं ते मला अजून समजलेलं नाही.

मला गडचिरोलीत, एटापल्लीच्या पुढे एका आश्रमशाळेत वसतिगृहाच्या अधीक्षकाची नोकरी लागली. निघताना हबीबभाईंनी खोका माझ्या हातात दिला. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "घेऊन जा. खोटं बोलनाऱ्याले मी घरात नाई ठेवत." मग आवाज उतरवून, "त्याची गलती नाई म्हना. त्याले जे दिसलं ते बोलला. एखादा फोटो पाठवजो मले." काही महिन्यांनी मी पत्रातून फोटो पाठवला. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. पुढे सुटीत मूलला गेलो तेव्हा भाभी म्हणाल्या, त्यांनी पत्र वाचून दाखवलं, तो फोटो घेऊन हबीबभाई दारात उजेडात गेले, बराच वेळ मान इकडे-तिकडे करत पाहत राहिले, मग आत येऊन त्यांनी तो भाभींच्या हातात दिला. "कुछ बोले नहीं." शाळेची सवय म्हणून मी प्रत्येक पत्राचं आधी कच्चं लिहायचो. त्या पत्राचं कच्चं माझ्याजवळ राहिलं आहे.

*

आदरणीय हबीबभाई,

भाभींनाही माझा सलाम. भाभी, हे सावकाश वाचा.

तुम्ही फोटो पाठव म्हणाला होता, तो पाकिटात आहे. तुम्हाला तो कसा दिसेल हे मला माहीत नाही, म्हणून लिहूनही कळवतो.

फोटो आडवा आहे. आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या लेकीचं नुकतंच लग्न झालं. ती दोघं त्यांच्या अंगणात उभी आहेत. डावीकडे तो, उजवीकडे ती. तीही तशीच उभी राहिली, लांब लांब. मी सरका म्हणालो नाही. मधे जागा आहे आणि त्या जागेत मागची मातीची भिंत आहे, भिंतीला टांगलेली कुऱ्हाड आहे. मी कॅमेऱ्याचा आवाज बंद केला आणि तुम्ही शिकवलं तसं भिंग हातानं फिरवलं. तिच्या डोळ्यात चमक आली तेव्हा थांबलो. भिंत धुकट आहे, कुऱ्हाड ओळखूही येत नाही. ती दोघं स्वच्छ आहेत.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. फोटो चांगला आला तेव्हा मलाच बरं वाटलं नाही. हा कुंदाचा असायला हवा होता आणि तुमच्या हातचा असायला हवा होता. नोकरी चांगली आहे. मुलं मला सर म्हणतात. जेवताना मशीनचा आवाज नसतो, त्यामुळे भात कधी उतरला ते समजत नाही.

एक राहिलं. चौकटीच्या अगदी उजव्या कडेला एक कोंबडी आली आहे, अर्धीच. फोटो काढताना मला ती दिसली नाही. मी मधेच पाहत होतो. तुम्ही असता तर तिला आधी हाकललं असतं. फोटोकडे सरळ पाहू नका, थोडं बाजूला पाहा.

कोंबडी दिसली तर कळवा.

तुमचा,
मुरली